डावं-उजवं

खोकं गुरुवारी आलं, कव्हेंट्रीहून.
आत दोन सीटांची कातडी, घडी घातलेली,
मधाच्या रंगाची.
बाबांनी एक उचलून नाकाशी धरली
आणि म्हणाले, "गाय होती, लोरी. रबर नव्हे."

गाडी ट्रायम्फ, हिरवी, दोनच माणसांपुरती.
बार्मथच्या खाऱ्या हवेनं तिचा तळ तीनदा खाल्ला,
तीनदा बाबांनी तो पुन्हा जोडला.
जोडताना पाना द्यायला ऱ्होद्री,
दिवा धरायला मी.
आमच्या घरात मुलांमध्ये कुणी डावं-उजवं केलं नाही,
आई शपथेवर सांगायची.
दिवा मात्र माझ्याच हातात.

आता ऱ्होद्री पर्थला, तिथे मध्यरात्र.
बाबांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकलेली,
त्यांच्या मुठीत पक्कड मिटत नाही.
म्हणून पक्कड माझ्याकडे,
दिवा त्यांच्याकडे,
आणि दिवा हलतोय.

"गारठलेलं कातडं ऐकत नाही, आधी उन्हात ठेव."
ऊन कुठलं, मार्च महिना.
आईचा हेअर ड्रायर शोधून आणला,
जाळीत अजून तिचा एक करडा केस.
आम्ही दोघांनी तो पाहिला
आणि बटण दाबलं.

जुनी कव्हरं कापून काढली.
गंजक्या कड्या टिनाच्या डब्यात, टण, टण.
खाली स्पंज, हात लावला की पिवळा भुगा.
बाबांच्या सीटवर खोल खळगा,
दुसरीवर तसा नाही,
तिथे फक्त पुढची कड चेपलेली.
"तुझी आई रागावली की पुढे सरकून बसायची,"
बाबा म्हणाले. जरा थांबून,
"डोल्गेलापर्यंत, कधी कधी."

नव्या स्पंजवर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवायची
म्हणजे कातडं घसरत खाली येतं.
मग गुडघा रोव. शिवण मध्यावर आण.
तार खोबणीत. ओढ. अजून ओढ.
कडी. पक्कड. टक्.
एका सीटला बावीस कड्या.
अंगठ्याचं साल निघालं तेव्हा
बाबांनी दिवा खाली ठेवून
फडकं फाडलं, बांधलं,
परत दिवा उचलला.

चारला प्रॉसर आला, त्याची पक्कड परत न्यायला.
मागे हात बांधून त्यानं दोन्ही सीटांभोवती फेरी मारली,
दारातल्या म्हशीसारखा संथ,
आणि म्हणाला, "छान. फारच छान.
एमलिन, पाठ कलवायच्या दांड्याची फट
दोन्हीकडे आतल्या बाजूला कशी रे?"

कुणी बोललं नाही.
छपरावर सीगल चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.
डाव्याचं उजव्याला.
उजव्याचं डाव्याला.
चव्वेचाळीस कड्या.

आधी बाबांचे खांदे हलले.
मला वाटलं, झालं, आता हेही.
पण ते हसत होते,
खोकला येईपर्यंत, पुन्हा खोकल्यातून हसत,
दिव्याचा उजेड भिंतभर नाचवत.
फेब्रुवारीपासून या घरात
एवढा आवाज कुणी केला नव्हता.
प्रॉसर पक्कड तिथेच ठेवून गेला.

दुसऱ्यांदा हात सरावले.
साडेआठला सीटा गाडीत, बोल्ट आवळलेले.
एका कोपऱ्यात चुणी राहिली होती,
मी परत ड्रायर उचलला.
"राहू दे," बाबा म्हणाले,
"पकडीनं बसेल तेवढं बसलं.
बाकीचं माणूस बसलं की बसतं."

आणि त्यांनी डावं दार उघडलं.
एक पाय आत, मग डोकं, मग हातानं उचलून दुसरा पाय.
दिवा त्यांनी मांडीवर घेतला.
किल्ली उजव्या सीटवर पडलेली.

मी बसले. कोरं कातडं करकरलं,
कुणाचाच आकार नसलेलं, टणक, गार.
मी जरा पुढे सरकले.

"रागावलीस?"

"क्लचला पाय पोचत नाही, बाबा."